टायमिंग बेल्ट बदलल्यावर हाताने दोन फेरे का द्यायचे?

इंजिनाचे वरचे आणि खालचे फिरते भाग एका वेळेत चालवणारा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, घरी स्वतः बदलणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एक क्षण येतो. नवा बेल्ट चढलेला असतो, वरच्या आणि खालच्या चाकांवरील खुणा जुळलेल्या दिसत असतात, बेल्टचा ताण धरणाऱ्या टेन्शनरचा बोल्ट आवळून झालेला असतो, आणि तरीही किल्ली फिरवायला हात धजावत नाही. ही धास्ती अनाठायी नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा बेल्ट मी पहिल्यांदा बदलला, तेव्हा सगळ्या खुणा नेमक्या जुळवूनच बसवला होता. इंजिन हाताने दोन वेळा पूर्ण फिरवून पाहिले, तर वरची खूण एका दाताने मागे राहिलेली दिसली. त्या दिवशी थेट किल्ली फिरवली असती तर काय झाले असते, आणि अगदी डोळ्यांदेखत जुळलेली खूण मागे राहिलीच कशी, हे समजून घेताना माझ्या मनातील अनेक गोष्टी स्पष्ट झाल्या. खुणा जुळवून बेल्ट बसवणे आणि टायमिंग जुळले आहे याची खात्री करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम पुष्कळदा राहून जाते. हा लेख त्या दुसऱ्या कामाविषयी आहे.

बेल्ट नेमका काय जुळवतो?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वर-खाली होतात, क्रँकशाफ्ट फिरतो, आणि तेच फिरणे पुढे चाकांपर्यंत पोहोचते. वर, हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागात, कॅमशाफ्ट असतो. त्याच्यावरील उंचवटे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, ठरावीक वेळी दाबून उघडतात. शोषण, दाब, स्फोट आणि उत्सर्जन हे चार टप्पे पुरे व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात, आणि तेवढ्या अवधीत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणून कॅम क्रँकच्या बरोबर निम्म्या गतीने फिरतो, आणि कॅमवरील दातेरी चाकाला क्रँकवरील चाकाच्या दुप्पट दात असतात. या दोघांना बांधून ठेवणारा रबरी दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. 1962 साली विक्रीला आलेली पश्चिम जर्मनीची ग्लास 1004 ही असा बेल्ट वापरणारी, मोठ्या संख्येने बनलेली पहिली गाडी मानली जाते. आपल्याकडे मारुती 800, जुनी सँट्रो आणि इंडिका डिझेल या गाड्यांमुळे हा बेल्ट गल्लोगल्लीच्या गॅरेजांना परिचयाचा झाला. मारुतीची के मालिकेतील पेट्रोल इंजिने किंवा फियाटचे 1.3 लिटरचे डिझेल इंजिन यांत मात्र साखळी असते, त्यामुळे आपल्या गाडीत काय आहे हे आधी पाहून घ्यावे.

ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे त्यांना हा मामला लवकर कळेल. सुई वरून खाली येते आणि त्याच वेळी खालचे शटल फिरत येऊन सुईच्या दोऱ्याचा फास पकडते. दोघांचा वेळ किंचित चुकला की टाके सुटू लागतात, आणि जास्तच चुकला तर सुई शटलवर आदळून मोडते. दोन्ही भाग आपापल्या परीने निर्दोष असतात. दोष असतो तो त्यांच्या एकमेकांशी असलेल्या वेळेत. इंजिनात सुईच्या जागी व्हॉल्व्ह आणि शटलच्या जागी पिस्टन आहे असे समजा. फरक एवढाच, की 3000 आरपीएमला क्रँक एका सेकंदात 50 वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडून मिटतो.

एका दाताने काय बिघडते?

समजा क्रँकच्या चाकाला 20 दात आहेत आणि कॅमच्या चाकाला 40. एक दात चुकला म्हणजे कॅम 9 अंशांनी चुकला, आणि क्रँकच्या हिशेबात पाहिले तर 18 अंशांनी. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचल्यानंतर 50 अंशांनी मिटायला हवा असेल, तर तो आता 68 अंशांना मिटेल. तोवर वर येणारा पिस्टन आत घेतलेल्या हवेपैकी काही उलट बाहेर ढकलून देतो. इंजिन सुरू होते, पण पिकअप जातो, चढावर गाडी दमते, आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, थरथर जाणवते आणि पेट्रोल जास्त लागते. कॅम दुसऱ्या दिशेला, म्हणजे पुढे चुकला, तर लक्षणे थोडी वेगळी असतात, पण सुखाची तीही नसतात.

दोन-तीन दातांची चूक झाली तर प्रश्न पिकअपचा राहत नाही. पुष्कळ इंजिनांत पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि पूर्ण वर आलेला पिस्टन एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. अशा इंजिनाला इंटरफेरन्स इंजिन म्हणतात. तिथे वेळ चुकली की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्हची दांडी वाकते आणि हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. डिझेल इंजिनांत पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये मुळातच फार कमी जागा उरते, त्यामुळे डिझेल इंजिन इंटरफेरन्सच आहे असे धरून चालणे शहाणपणाचे. पेट्रोलमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. आपले इंजिन कोणत्या प्रकारचे आहे हे ठाऊक नसेल, तर ते इंटरफेरन्स आहे असे मानूनच हात घालावा.

क्रँकची खूण बारावर आली, पण दुपारचे बारा की रात्रीचे?

खुणा वाचताना सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वरच्या टोकाला आला की क्रँकच्या चाकावरील खूण इंजिनाच्या अंगावरील खुणेसमोर येते. या स्थितीला टीडीसी म्हणतात. परंतु चार टप्प्यांच्या एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा दाबाच्या शेवटी आणि एकदा धूर बाहेर टाकण्याच्या शेवटी. घड्याळाचे दोन्ही काटे बारावर आहेत एवढ्यावरून दुपार आहे की मध्यरात्र, हे सांगता येत नाही. खिडकीबाहेर पाहावे लागते. इंजिनात ती खिडकी म्हणजे कॅम. क्रँकची खूण जुळली आहे आणि कॅमची खूण मात्र थेट उलट दिशेला आहे, असे आढळले तर घाबरण्याचे कारण नाही. क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा दिला की दोन्ही जुळलेल्या दिसतील. जुना बेल्ट काढण्यापूर्वीच इंजिन या स्थितीत आणून ठेवावे, कारण बेल्ट निघाल्यानंतर कोणाचे नाते कोणाशी होते हे सांगणारे काही उरत नाही.

बेल्ट काढताना आणखी एक गोष्ट घडते, आणि ती आधी माहीत नसेल तर काळजात धस्स होते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमवर सतत दाब देत असतात. बेल्टचा ताण गेला की कॅम त्या दाबाने खटकन थोडा फिरतो आणि जुळलेली खूण दोन-चार दात बाजूला जाऊन थांबते. काही मोडले नाही. पाना लावून कॅम सावकाश जागेवर आणावा आणि बेल्ट चढेपर्यंत तो धरून ठेवावा. मात्र हे करताना पिस्टन वर असेल आणि कॅम बराच फिरवावा लागणार असेल, तर जोर लावू नये.

कोणत्या खुणेवर विश्वास ठेवायचा?

क्रँकच्या पुढच्या टोकाला बाहेरून एक जाड पुली असते. अल्टरनेटर, पाण्याचा पंप किंवा एसी यांचा पट्टा तिच्यावर चालतो, आणि तिच्या कडेवरही एक खाच असते. तीच खाच खरी मानून बेल्ट बसवण्याचा मोह अनेकांना होतो. अनेक गाड्यांत ही पुली दोन भागांची असते: आतला भाग, बाहेरचे कडे आणि मध्ये रबर. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते रबर सुटते आणि बाहेरचे कडे काही अंश सरकते. खाच तिथेच दिसते, पण ती आता खरी वेळ दाखवत नाही. बेल्ट ज्याच्यावर चढतो त्या दातेरी चाकावरील खूण आणि इंजिनाच्या अंगावरील, बहुधा ऑइल पंपाच्या कव्हरवरील, खूण यांचीच जोडी ग्राह्य धरावी.

त्या चाकावरही कधी कधी एकापेक्षा अधिक खुणा असतात. परदेशातील मराठी मंडळींकडे सुबारू गाड्या पुष्कळ दिसतात. त्यांच्या जुन्या 2.5 लिटर इंजिनाच्या क्रँक चाकावर एक बाण आहे आणि एक बारीक रेघ आहे. बेल्टसाठी रेघ जुळवायची असते. बाण हा दुसऱ्याच कामाचा आहे. रेघ जुळलेल्या स्थितीत सगळे पिस्टन मधोमध असतात. बाण मोठा आणि ठसठशीत असल्यामुळे नवखा माणूस तोच जुळवतो. म्हणून आपल्याच इंजिनाचे सर्व्हिस मॅन्युअल समोर हवे. दुसऱ्या इंजिनाच्या व्हिडिओवरून ही गोष्ट ठरवू नये.

खूण पाहण्याची रीतही महत्त्वाची आहे. इंजिन आणि गाडीचा पत्रा यांच्यामधील फट चार बोटांचीही नसते, त्यामुळे आपण वरून, तिरके पाहतो, आणि तिरक्या नजरेला अर्ध्या दाताचा फरक सहज दिसतो किंवा सहज दिसत नाही. छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा चाकाच्या अगदी समोर, समपातळीत धरून फोटो काढावा आणि तो मोठा करून पाहावा. खुणा जुन्या मळात हरवलेल्या असतात. त्या कापडाने पुसून त्यांच्यावर पांढऱ्या करेक्शन पेनचा बारीक ठिपका द्यावा. एवढ्याने निम्मी शंका मिटते.

आता ते दोन फेरे

बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली असावी, गाडी जॅकवर नव्हे तर घोडीवर (स्टँडवर) टेकलेली असावी, गिअर न्यूट्रलमध्ये असावा. स्पार्क प्लग काढून ठेवावेत, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणार नाही आणि हाताला खरा अडथळा ओळखता येईल. मग क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा गोटी पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवावे. बहुतेक इंजिने बेल्टच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. काही जुन्या होंडा उलट फिरतात. कॅमच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवू नये, कारण मग संपूर्ण इंजिनाचा भार बेल्टच्या दातांवर येतो.

स्टार्टर मारून हे फेरे का देऊ नयेत, याचे उत्तर आपल्या मनगटात आहे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा विरोध मऊ असतो. पाना जड होतो, मग हलका होतो, पुन्हा जड होतो. पिस्टन व्हॉल्व्हला टेकला तर मात्र पाना एकदम थांबतो, दगडाला लागल्यासारखा. हाताच्या गतीने टेकलेला व्हॉल्व्ह सहसा वाचतो. तिथेच थांबावे, थोडे मागे यावे आणि बेल्ट पुन्हा बसवावा. स्टार्टरला हा फरक कळत नाही.

फेरे दोन का, याचे उत्तर वर येऊन गेले आहे: क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, म्हणजे इंजिनाचे एक संपूर्ण चक्र. एवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो आणि कुठे टक्कर होणार असेल तर ती याच वेळी हाताला लागते. शिवाय बेल्ट सगळ्या चाकांवर नीट बसतो आणि ताण सगळीकडे सारखा होतो. आता क्रँकची खूण जिथे जुळते तिथे थांबून कॅमची खूण पाहायची. थांबताना खूण ओलांडून पुढे गेलो तर उलटे फिरवून तिच्यावर परत येऊ नये. पुढे आणखी दोन फेरे देऊन नेमके थांबावे. उलटे फिरवले की बेल्टचा ताण ज्या बाजूला असायला हवा त्या बाजूला तो ढिला पडतो, आणि आपण पाहतो ती जुळणी खरी राहत नाही.

माझी खूण एका दाताने का सरकली, याचे कारणही ढिलाईच होते. बेल्टच्या दोन बाजू असतात. समोरून पाहताना क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर उजवीकडची बाजू क्रँक खाली ओढतो. ती ताणाची बाजू. डावीकडे टेन्शनर असतो. ती सैल बाजू. मी बेल्ट चढवताना उजव्या बाजूला थोडा झोळ राहिला होता. खुणा जुळलेल्या होत्या, कारण दोन्ही चाके मीच धरून ठेवली होती. क्रँक फिरवला तेव्हा त्याने आधी तो झोळ ओढून घेतला आणि मगच कॅम हलला. तेवढ्यात कॅम एका दाताने मागे पडला. पुढच्या वेळी बेल्ट क्रँकपासून चढवायला सुरुवात केली, उजवी बाजू हाताने ताठ ठेवत कॅमवर नेली, आणि शिल्लक झोळ टेन्शनरच्या बाजूला येऊ दिला. दोन फेऱ्यांनंतर खूण जागेवर होती. आणखी दोन फेरे दिले, तेव्हाही होती.

बेल्टवरच्या रेघा फेऱ्यांनंतर जुळत नाहीत, म्हणजे चूक झाली का?

नाही, आणि या एका गैरसमजापायी नीट बसलेला बेल्ट पुन्हा उतरवणारे लोक मी पाहिले आहेत. काही नव्या बेल्टवर छापील रेघा असतात. त्या फक्त बसवण्याच्या क्षणापुरत्या. समजा बेल्टला 103 दात आहेत आणि क्रँकच्या चाकाला 20. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात बेल्ट 20 दातच पुढे सरकतो, त्यामुळे तीच रेघ त्याच खुणेसमोर यायला क्रँकचे 103 फेरे लागतील, आणि कॅमसकट सगळ्या रेघा जुळायला 206. दोन फेऱ्यांनंतर बेल्टवरील रेघा कुठेही असोत. चाकांवरील खुणा इंजिनाच्या अंगावरील खुणांशी जुळतात की नाही, एवढेच पाहायचे.

गाडी सुरू झाली, मग शंका कशाला?

कारण एका दाताने चुकलेले इंजिन बहुतेक वेळा सुरू होते. नव्या गाड्यांत क्रँक आणि कॅम या दोघांवर सेन्सर असतात. त्यांचा मेळ बसला नाही की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर बहुधा पी0016 हा कोड येतो. हा कोड सेन्सर किंवा तेलाच्या दाबाच्या दोषानेही येऊ शकतो, पण बेल्ट नुकताच बदलला असेल तर पहिला संशय बेल्टवर घ्यावा. जुन्या गाड्यांत असा दिवा नसतो. तिथे सिलिंडरमधील दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज उपयोगी पडते: कॅम मागे पडला असेल तर सगळ्याच सिलिंडरांचे आकडे सारख्या प्रमाणात कमी येतात. एकाच सिलिंडरचा आकडा पडला असेल तर मात्र व्हॉल्व्ह वाकल्याची शक्यता पाहावी लागते. इंजिन हवा किती जोराने ओढते ते मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजची सुई आयडलला स्थिर पण नेहमीपेक्षा खाली राहणे, हेही कॅम मागे असल्याचे लक्षण आहे. इथे एक सावधगिरी बाळगावी. दर हजार फूट उंचीला हा आकडा पाऱ्याच्या साधारण एक इंचाने उतरतो, त्यामुळे समुद्रसपाटीला धरून छापलेल्या आकड्यापेक्षा पुण्यातील निरोगी इंजिनही जवळजवळ दोन इंच कमी दाखवणार.

टायमिंग लाइटने तपासले तर?

टायमिंग लाइट ठिणगी केव्हा पडते ते दाखवतो, व्हॉल्व्ह केव्हा उघडतो ते नव्हे. दोघांनाही बोलीत टायमिंगच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. जिथे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅमवरच बसवलेला असतो, तिथे बेल्ट चुकला की ठिणगीची वेळही सरकते, आणि ती डिस्ट्रिब्युटर फिरवून दुरुस्त करता येते. असे केल्याने आकडा बरोबर येतो आणि व्हॉल्व्ह चुकलेलेच राहतात. बेल्ट बदलल्यानंतर डिस्ट्रिब्युटर बराच फिरवावा लागला, तर हात थांबवून पुन्हा खुणा पाहाव्यात.

जुन्या बेल्टवरच्या खुणा नव्यावर उतरवल्या तर?

चाकांवर आणि जुन्या बेल्टवर रंगाने खुणा करायच्या, त्यांच्यामधील दात मोजायचे आणि तेवढेच दात मोजून नव्या बेल्टवर खुणा करायच्या, ही पद्धत चांगली आहे आणि मीही ती जोडीला वापरतो. मात्र मागच्या माणसाने बेल्ट एक दात चुकवून बसवला असेल, तर आपण तीच चूक प्रामाणिकपणे उतरवून घेऊ. म्हणून निकाल मूळ खुणांवरच लावावा.

अर्ध्या दाताचा फरक राहतोच आहे, मग?

बेल्ट अर्ध्या दाताने चुकू शकत नाही. तो एक तर पूर्ण दाताने चुकतो किंवा चुकत नाही. त्यामुळे अर्धा फरक दिसला की आधी नजर तिरकी आहे का ते पाहावे, मग ताणाची बाजू ताठ आहे का ते पाहावे. बेल्ट एक दात पुढे आणि एक दात मागे बसवून दोन्ही वेळा फरक आणखी वाढत असेल, तर मूळची जागाच सर्वांत जवळची. हेड कधी घासून घेतले असेल तर कॅम आणि क्रँक यांमधील अंतर किंचित कमी होते आणि कॅम थोडासा मागे पडतो. तेवढा फरक तिथला असतो. क्रँकच्या चाकाला क्रँकवर जागी धरणारी लोखंडी चावी (की) झिजली किंवा तुटली असेल, तर मात्र बेल्ट कितीही वेळा बसवला तरी उपयोग नाही.

कोणती इंजिने घरी उघडू नयेत?

काही इंजिनांत खुणांवर काम भागत नाही. पहिल्या डस्टरमधील 1.5 लिटर डिझेलसारख्या इंजिनात क्रँक आणि कॅम यांना ठरावीक जाडीच्या पिना घालून जागेवर अडकवावे लागते. त्या पिना हाताशी नसतील तर अंदाजाने किंवा ड्रिलचा दांडा घालून काम करू नये. काही नव्या इंजिनांत बेल्ट तेलातच चालतो, आणि तो बदलायला इंजिनाचा बराच भाग उघडावा लागतो. हे काम ती अवजारे असलेल्या माणसाकडेच द्यावे. पिना वापरणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावे: पिना काढल्यानंतरच फेरे द्यायचे, आणि फेऱ्यांनंतर त्याच पिना जोर न लावता पुन्हा आत गेल्या पाहिजेत.

किल्ली फिरवण्यापूर्वी

फेऱ्यांनंतर टेन्शनर पुन्हा पाहावा. आपोआप ताण धरणाऱ्या टेन्शनरवर एक दर्शक काटा असतो, तो त्याच्या खाचेसमोर असला पाहिजे. हाताने ताण देण्याच्या टेन्शनरला बेल्टचा लांब भाग दोन बोटांनी पिळून साधारण काटकोनापर्यंत वळतो का, हे पाहण्याची जुनी रीत आहे. ती अंदाजासाठी ठीक, पण मॅन्युअलमधील माप मिळत असेल तर तेच खरे. सगळे बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळून झाले, प्लग जागेवर गेले, राहिलेली गोटी किंवा चिंधी आत नाही याची खात्री झाली, की बॅटरीची तार जोडावी.

पहिल्यांदा सुरू करताना इंजिन फक्त आयडलला ठेवावे आणि एक-दोन मिनिटे बेल्टच्या बाजूला कान द्यावा. बारीक शीळ आली तर ताण जास्त आहे. कव्हरला काही घासल्यासारखी फडफड आली तर तो कमी आहे. धातूची ठकठक आली तर ताबडतोब बंद करावे. काहीच आले नाही, तर इंजिन थंड झाल्यावर वरचे कव्हर पुन्हा उघडून, क्रँक हाताने टीडीसीला आणून कॅमची खूण शेवटची एकदा पाहून घ्यावी. मग कव्हर लावून त्याच्यावर कागदाच्या पट्टीवर तारीख आणि किलोमीटर लिहून चिकटवावेत, कारण पुढच्या वेळी हे कव्हर उघडणारा माणूस कदाचित दुसराच असेल.